शब्दांची साक्ष

१

शाळेतल्या एखाद्या करड्या हेडमास्तरांना मुले पाठीमागे ‘हिटलर’ म्हणतात. घरातल्या तापट आजोबांनाही कधी कधी हेच नाव मिळते. गाडी उशिरा आली, कचेरीत कागद अडला, रांगेत कोणी मध्येच घुसले, की चारचौघांत बसलेला एखादा सद्‌गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतो, ‘‘या देशाला एक हिटलरच पाहिजे!’’ हा गृहस्थ दुष्ट नसतो. शेजारी आजारी पडला तर रात्री डॉक्टरला बोलवायला तोच धावेल. त्याला हवी असते शिस्त, आणि शिस्त म्हणताना जो शब्द सहज तोंडात येतो तो तो वापरून मोकळा होतो. या नावामागे साठ लक्ष ज्यूंचे मृत्यू आहेत आणि त्यांत सुमारे पंधरा लक्ष मुले होती, ही गोष्ट त्याला ठाऊक नसते असेही नाही. ठाऊक असते, पण बोलताना ती शब्दाला चिकटून येत नाही. हाताळून हाताळून नाण्यावरचा छाप पुसून जावा तसे हे नाव झाले आहे.

दुसरी तऱ्हा आपल्या सुशिक्षितांची. ते हिटलरला राक्षस म्हणतात, नराधम म्हणतात. मराठीत या विषयाचे नाव निघताच अनेकांना वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाची आठवण होते, आणि तो भस्मासुर आपल्या मनात कायमचा घर करून बसला आहे. ही उपमा चुकीची आहे असे मला म्हणावयाचे नाही. उलट ती आपण अर्धीच वापरतो, अशी माझी तक्रार आहे. आपल्याला भस्मासुराचा शेवट तेवढा आठवतो. स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून तो भस्म झाला, आणि ३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनच्या तळघरात हिटलरनेही स्वतःच्याच हाताने स्वतःचा शेवट केला. उपमा जुळली, आपण समाधान पावलो. परंतु त्या कथेचा आरंभ शेवटापेक्षा महत्त्वाचा आहे. भस्मासुर जन्मतः भस्म करणारा नव्हता. त्याला कोणीतरी वर दिला होता. ‘तथास्तु’ हा शब्द कोणाच्या तरी मुखातून बाहेर पडला होता.

राक्षस म्हटले की प्रश्न संपतो. राक्षसाला कारणे लागत नाहीत. वर म्हटला की मात्र विचारावे लागते : कोणी दिला, कोणत्या शब्दांत दिला, आणि देताना आसपासचे लोक काय बोलत होते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासकार आपल्या परीने देतातच. पण त्याचा एक भाग वाङ्मयाच्या अभ्यासकाकडे येतो, कारण वर हा अखेर शब्दांतच दिला जातो.

२

प्रथम वराची हकीकत पाहू. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला हिटलरने केलेले बंड फसले. राजद्रोहासाठी त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि वर्षाच्या आतच तो सुटला. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला जेमतेम २.६ टक्के मते पडली. मग जागतिक मंदी आली, बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली, आणि जुलै १९३२ मध्ये हीच टक्केवारी ३७.३ वर चढली. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती ३३.१ पर्यंत खाली आली होती. मोकळ्या निवडणुकीत जर्मन जनतेने हिटलरला बहुमत कधीच दिले नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलर नेमले ते वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी. आणि त्यांचे मन वळवले ते पापेनसारख्या घरंदाज, सुसंस्कृत राजकारण्यांनी. मंत्रिमंडळात हिटलरखेरीज त्याच्या पक्षाचे दोघेच होते. या माणसाला आपण कामापुरता वापरून घेऊ, असा त्या मंडळींचा हिशेब होता. शंकराने वर दिला तो भोळेपणाने. यांनी दिला तो चतुराईने, एवढाच फरक.

आता या वराची भाषा पाहा. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइखस्टागच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित करणारा वटहुकूम निघाला. त्याचे नाव होते ‘जनता व राज्य यांच्या संरक्षणासाठी’ काढलेला वटहुकूम. २३ मार्चला संसदेने आपले सारे अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाच्या हवाली केले. विरुद्ध मते पडली ९४, आणि ती सारी सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. या कायद्याचे नाव ‘जनता व राष्ट्र यांच्या आपत्तीचे निवारण करणारा कायदा’. ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढून टाकणारा कायदा आला, त्याचे नाव ‘व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा कायदा’. आरोपाशिवाय, खटल्याशिवाय माणसाला उचलून दाखाऊच्या छावणीत टाकायचे, याला शब्द होता ‘संरक्षक स्थानबद्धता’. आणि १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्ग येथे ज्यू व जर्मन यांचे विवाह गुन्हा ठरले, ते ‘जर्मन रक्त व जर्मन सन्मान यांच्या रक्षणार्थ’.

संरक्षण, निवारण, पुनःस्थापना, सन्मान! यांतला एकही शब्द वाईट नाही. कोणत्याही सभ्य घरात हे शब्द दिवाणखान्यात मांडता येतील. सैतान शिंगे घेऊन आला असता तर दार लावून घेणारे पुष्कळ निघाले असते. तो कायद्याचा मसुदा घेऊन आला, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटला.

३

१९४७ हे साल आपल्या मनात आपल्याच सुखदुःखांनी इतके भरलेले आहे, की त्या वर्षी युरोपात काय छापले गेले इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या एका वर्षात, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या तीन माणसांची तीन पुस्तके तीन भाषांत बाहेर आली. बर्लिनमध्ये व्हिक्टर क्लेम्पेरर या प्राध्यापकाचे ‘एल्‌. टी. आय.’, ट्युरिनमध्ये प्रीमो लेव्ही या रसायनशास्त्रज्ञाचे ‘हा माणूस असेल तर’ अशा अर्थाच्या नावाचे इटालियन पुस्तक, आणि ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँक या मुलीची डायरी. रोमेनियात त्याच वर्षी पाउल सेलान या तरुण ज्यू कवीची मृत्यूवरची एक जर्मन कविता प्रथम प्रसिद्ध झाली, आणि तीही मूळ जर्मनमध्ये नव्हे, रोमेनियन भाषांतरात! आईची भाषा हीच आईला मारणाऱ्यांची भाषा असावी, या सेलानच्या दुःखाची कल्पना एवढ्या एका गोष्टीवरूनही येते. आणखी एक योगायोग असा, की खुद्द मारेकऱ्यांनी लिहिलेला एक कागदही त्याच वर्षी बर्लिनच्या दप्तरात सापडला. त्याकडे मी पुढे वळेन.

क्लेम्पेरर हा धर्मगुरूचा मुलगा. पुढे ख्रिस्ती झालेला, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला, ड्रेस्डेनला फ्रेंच वाङ्मय शिकवणारा. १९३५ मध्ये त्याची प्राध्यापकी गेली. पत्नी एव्हा ज्यू नव्हती आणि तिने त्याला सोडले नाही, म्हणून तो वाचला. वाचनालय बंद झाले, पुस्तके दुर्मिळ झाली, तेव्हा या भाषाभ्यासकाने जी एकच संहिता हाताशी उरली होती तिचा अभ्यास आरंभला. ती संहिता म्हणजे सभोवार बोलली जाणारी भाषा : वर्तमानपत्रे, भिंतीवरची पत्रके, कारखान्यातले संभाषण, मृत्यूच्या जाहिराती. त्याने रोजनिशी ठेवली. तिची पाने एव्हा शहराबाहेर एका मैत्रिणीकडे नेऊन लपवी. पाने सापडली असती तर दोघांचाच नव्हे, ज्यांची नावे त्यांत होती त्या सर्वांचा शेवट झाला असता. या टिपणांतून १९४७ चे पुस्तक झाले. मूळ रोजनिशी मात्र त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १९९५ मध्ये छापली गेली.

पुस्तकाचे नावच एक थट्टा आहे. नाझींना आद्याक्षरांचे भारी वेड. म्हणून ‘तिसऱ्या राइखची भाषा’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे त्याने शीर्षकाला दिली. पण आतला निष्कर्ष थट्टेचा नाही. लोकांची मने हिटलरच्या भाषणांनी जिंकली असे आपण समजतो. क्लेम्पेररचे म्हणणे असे, की भाषणांपेक्षा साध्या शब्दांनी हे काम अधिक केले. हजारदा कानांवर पडून जे शब्द नकळत तोंडात बसतात, ते अफूसारखी गुंगी आणत नाहीत. ते सोमलाच्या बारीक कणांसारखे पोटात जात राहतात आणि परिणाम पुढे दिसतो. ‘धर्मवेडा’ किंवा ‘माथेफिरू’ या अर्थाचा जो शब्द पूर्वी निंदेचा होता, तो स्तुतीचा झाला. शूर, निष्ठावान, कर्तबगार अशा सर्व विशेषणांची जागा त्याने घेतली. प्रत्येक घटना ‘ऐतिहासिक’ झाली. ज्यू शास्त्रज्ञ वा कवी यांचा उल्लेख करताना ‘शास्त्रज्ञ’ आणि ‘कवी’ हे शब्द अवतरणचिन्हांत येऊ लागले. दोन टिंबांनी एका माणसाचे आयुष्य खोटे ठरवता येते, हे टिपायला भाषेचाच अभ्यासक हवा.

त्याने सांगितलेला एक प्रसंग मला पुस्तकाचा गाभा वाटतो. कारखान्यात सक्तीने कामाला लावले असताना एक साधी जर्मन कामकरीण त्याच्याशी माणुसकीने वागे. ज्यूंशी बोलण्याची मनाई मोडून ती बोले. त्याची बायको आजारी आहे असे कळल्यावर एके दिवशी तिने तिच्यासाठी एक सफरचंद आणून यंत्रापाशी ठेवले. त्या दिवसांत सफरचंद म्हणजे केवढी मोलाची वस्तू! आणि मग तिने कुतूहलाने विचारले, तुमची बायको खरेच जर्मन आहे का? सफरचंदाचा आनंद तिथेच ओसरला. समोर उभा असलेला, जर्मनखेरीज दुसरी मातृभाषा नसलेला माणूस जर्मन नाही, हे त्या भल्या बाईच्या मनात इतके मुरले होते, की तिला त्यात काही विशेष वाटलेच नाही. ती नाझी नव्हती. तिचे हृदय शाबूत होते. शब्द तेवढे बिघडले होते. रेल्वेला उशीर झाला म्हणून हिटलर मागणारा आपला सद्‌गृहस्थ मला या जागी हटकून आठवतो.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी, ड्रेस्डेनमध्ये उरलेल्या ज्यूंना हद्दपारीचे हुकूम पोचवण्याचे काम क्लेम्पेररवर आले होते. त्याच रात्री शहरावर बॉम्बवर्षाव झाला. त्या आगीत एव्हाने चाकूने त्याच्या कोटावरचा पिवळा तारा कापून काढला, आणि दोघे निसटली.

४

क्लेम्पेररने रोगाचे निदान केले. लेव्ही त्या रोगाच्या मुळाशी जाऊन परत आला.

तो चोवीस वर्षांचा असताना डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत ऑश्विट्झला धाडला गेला. त्याच्या गाडीत ६५० माणसे होती. निघताना हजेरी झाली, तेव्हा अधिकाऱ्याने विचारले, ‘‘नग किती?’’ आणि सलाम ठोकून उत्तर आले, की ६५० नग, सारे व्यवस्थित आहेत. पोचल्यावर ९६ पुरुष आणि २९ बायका कामासाठी निवडल्या गेल्या. बाकीचे पाचशेहून अधिक जण दोन दिवसांत संपले. लेव्हीच्या हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला गेला.

हे तो कसे सांगतो? आक्रोश नाही, शापवाणी नाही, विशेषणांचा पूर नाही. कारखान्यात आठवड्याला जो अहवाल लिहितात तो आपल्या लेखनाचा आदर्श होता, असे त्याने पुढे सांगितले. आपले काम साक्षीदाराचे; न्यायाधीशाचे काम वाचकाचे, अशी त्याची धारणा होती. छावणीतल्या भुकेसाठी ‘भूक’ आणि थंडीसाठी ‘थंडी’ हे मोकळ्या माणसांचे शब्द अपुरे आहेत, हे तो जाणतो. पण शब्द अपुरे पडतात म्हणून तो आवाज चढवत नाही. तो वस्तू अधिक नेमकी दाखवतो. पावाचा तुकडा केवढा, जोडे कसे लाकडी, कढईच्या तळाचे सूप वरच्या सुपापेक्षा दाट कसे आणि म्हणून रांगेत कुठे उभे राहावे, हे तो सांगतो. डॉक्टर पानवित्झ नावाचा रसायनतज्ज्ञ त्याची परीक्षा घेतो, तेव्हा त्याच्याकडे पाहणारी ती नजर दोन माणसांमधली नव्हती, मत्स्यालयाच्या काचेतून पाहावे तशी होती, असे तो लिहितो. पुस्तकात त्या गृहस्थाने कोणालाही मारलेले नाही. त्या नजरेत सारे आले.

आणि एक प्रसंग असा, की ज्यासाठी कोणत्याही वाङ्मयाभ्यासकाने हे पुस्तक वाचावे. सूप आणायला जाताना लेव्ही एका तरुण सोबत्याला इटालियन शिकवू लागतो आणि त्याला दान्तेच्या काव्यातला यूलिसिसचा सर्ग आठवू लागतो. ओळी तुटतात, मधले दुवे निसटतात. त्या हरवलेल्या ओळी जोडता आल्या तर आजचे सूप आपण देऊन टाकू, असे त्याला वाटते. सूप म्हणजे तिथे आयुष्याचा एक दिवस! काव्याचा उपयोग काय, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या वादात हा प्रसंग कोणी साक्षीला काढला आहे की नाही, कोण जाणे. पण याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

हे पुस्तक एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने प्रथम नाकारले. एका लहान प्रकाशकाने २५०० प्रती काढल्या. १९५८ मध्ये त्याच मोठ्या संस्थेने, एइनाउदीने, ते पुन्हा छापले तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले.

५

येथे एक रास्त शंका निघते. कोरडेपणा, नेमकेपणा, आकडे ही जर या साहित्याची थोरवी, तर कोरडे आणि नेमके गद्य मारेकऱ्यांनीही लिहिले होते. मग फरक काय?

१९४७ साली सापडलेला तो कागद येथे पुढे घेतो. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे सरोवराकाठच्या एका बंगल्यात हायड्रिखच्या अध्यक्षतेखाली पंधरा अधिकारी जमले. त्यांतले निम्मे तरी विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवलेले होते. बैठक सुमारे दीड तास चालली. तिचे टिपण पंधरा पानांचे आहे. त्यात देशवार तक्ता असून ज्यूंची एकूण बेरीज एक कोटी दहा लाखांवर दिली आहे. अल्बानियातले २०० सुद्धा त्यात मोजलेले आहेत. मारणे हे क्रियापद त्यात नाही. त्याऐवजी ज्यूंना ‘पूर्वेकडे हलवले’ जाते. कामाच्या ओघात मोठ्या संख्येची ‘नैसर्गिक घट’ होईल. जे चिवट उरतील त्यांची ‘यथोचित व्यवस्था’ करावी लागेल. टिपण तयार करणारा आइखमान १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा बैठकीत बोलणे याहून पुष्कळ उघड झाले होते, असे त्याने सांगितले. म्हणजे कागदावर येताना शब्द धुऊन काढले गेले. कचेरीची भाषा हीच आपली एकमेव भाषा असल्याचे त्याचे उद्गार हाना आरेण्ट यांनी १९६३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नोंदवले आहेत.

आता ही दोन कोरडी गद्ये शेजारी ठेवा. वान्झेच्या टिपणात कर्ता नाही. कोणी काही करत नाही. गोष्टी ‘केल्या जातात’. संख्या आहेत, पण त्यांच्यापाशी पोचले की पुढे कोणी माणूस भेटत नाही. लेव्हीच्या पुस्तकातही ६५० ही संख्या आहे. पण त्या संख्येत मिलानच्या एका इंजिनियरची तीन वर्षांची मुलगी एमिलिया आहे. जिज्ञासू, आनंदी, हुशार. तिच्या आईबापांनी त्या कोंदट मालडब्यात, इंजिन-ड्रायव्हरने काढू दिलेल्या कोमट पाण्याने, जस्ताच्या टबात तिला आंघोळ घातली. दोन ओळींचा हा मजकूर. मुलीला आंघोळ घालणारी आई आणि ‘नैसर्गिक घट’! एक कोरडेपणा वस्तू झाकण्यासाठी आहे, दुसरा वस्तू आड येऊ न देता दाखवण्यासाठी आहे. शैली वरवर सारखी दिसली तरी तिची नीती एक नसते. समीक्षकाला शैली आणि नीती यांचा संबंध अनेकदा अवघडल्यासारखा वाटतो. या ठिकाणी तो टाळताच येत नाही.

६

आपल्या रसचर्चेत साधारणीकरण हा मोठा सिद्धान्त मानला जातो. शकुंतलेचे दुःख हे कोण्या एका शकुंतलेचे राहत नाही. ते विशेषाच्या बंधनातून सुटते, आणि म्हणूनच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. करुणरसाने आनंद का होतो, या कोड्याचे उत्तर आपण येथेच शोधत आलो. या तीन पुस्तकांपुढे मात्र हा सिद्धान्त मला अडखळताना दिसतो.

ॲन फ्रँकच्या डायरीचे उदाहरण घ्या. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत आठ माणसे ॲमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागल्या भागात लपून राहिली. आठांपैकी एकटा बाप परतला. तेरा ते पंधरा या वयात त्या मुलीने जे लिहिले, ते तिच्याच इच्छेने लेखन होते. १९४४ च्या मार्चमध्ये लंडनहून डच मंत्र्याने रेडिओवर सांगितले, की युद्धकाळातल्या रोजनिश्या जपून ठेवा. त्यानंतर तिने आपली पाने पुन्हा लिहायला, बेतायला घेतली. म्हणजे ही केवळ निरागस मुलीची वही नव्हे. एका होऊ घातलेल्या लेखिकेचे ते हस्तलिखित आहे.

१९५५ साली अमेरिकेत या डायरीचे नाटक झाले आणि त्याने मोठी बक्षिसे मिळवली. माणसे मनाने चांगली असतात, या अर्थाचे डायरीतले एक वाक्य नाटकाच्या अखेरीस आणून ठेवले गेले. प्रेक्षक डोळे पुसत, पण हलक्या मनाने घरी गेले. डायरीत १५ जुलै १९४४ च्या नोंदीत ते वाक्य आहे खरे. पण त्याच्या लगतच ती मुलगी सांगते, की जग हळूहळू उजाड होत चाललेले तिला दिसते आहे आणि आपल्यालाही नष्ट करणारा गडगडाट जवळ येत असलेला ऐकू येतो आहे. नाटकाने विश्वास घेतला, गडगडाट सोडला. शिवाय तिचे ज्यू असणे जेवढे पुसट करता येईल तेवढे केले, म्हणजे ती कोणाचीही मुलगी वाटावी. हेच तर साधारणीकरण! आणि काही महिन्यांतच ती बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत, पंधराव्या वर्षी, रोगाने मेली, ही गोष्ट पडद्यामागे राहिली.

क्लेम्पेररच्या रोजनिशीत आणि ॲनच्या डायरीत जून १९४२ च्या तारखांखाली ज्यूंवरील बंद्यांच्या याद्या आहेत. एक साठीचा प्राध्यापक, एक तेरा वर्षांची मुलगी. तिला ट्राममध्ये बसायला बंदी, सायकल जमा करावी लागलेली, नाटक-सिनेमा बंद, ख्रिस्ती मित्रांच्या घरी जाणे बंद. त्याला दूरध्वनी बंद, रेडिओ बंद, वाचनालय बंद, फुले विकत घेणे बंद, मांजर पाळणे बंद. त्या बंदीमुळे क्लेम्पेररांना आपले लाडके मांजर पशुवैद्याकडे नेऊन मारावे लागले. या याद्यांना रस नाही, अलंकार नाही. पण त्या वाचल्यावर ‘ज्यूंचा छळ झाला’ हे वाक्य पुन्हा पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाही.

येथे माझा मुद्दा असा : हिटलरचा गुन्हाच मुळी एक भीषण साधारणीकरण होता. प्राध्यापक, रसायनशास्त्रज्ञ, लिहिणारी मुलगी, मिलानच्या इंजिनियरची एमिलिया या सगळ्यांतला विशेष पुसून त्यांचा एकच शब्द केला गेला, मग त्या शब्दाचा नग केला गेला, आणि नगाची विल्हेवाट लावणे ही केवळ व्यवस्थेची बाब उरली. ज्या साहित्याला या गुन्ह्याला उत्तर द्यायचे आहे त्याने उलटी वाट धरली पाहिजे. शब्दाकडून माणसाकडे, संख्येकडून नावाकडे. या साहित्यात विशेष हा आस्वादाच्या आड येणारा अडथळा नाही. तोच त्याचा आशय आहे. आस्वाद कमी झाला तरी चालेल. मांजर त्या मांजराच्याच रूपाने आठवले पाहिजे.

७

आपल्या कोकणाने ज्यूंना एक नाव दिले होते. किनाऱ्यावरच्या गावांतून बेने इस्रायल मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. ती घरात मराठी बोलत, आपल्या पुराणपुरुषांची कीर्तने मराठीत करीत. या नावात वेगळेपणा आहे. पण तो माणसाच्या हाताच्या कामावरून आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसावरून ओळखलेला आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाहून ठेवलेले ते नाव आहे. आपण फार सहिष्णु होतो अशी शेखी मिरवण्यासाठी हे सांगत नाही. जातीच्या नावाने माणसाला नग करण्याची विद्या आपल्यालाही चांगली अवगत आहे, आणि १९४७ साली पंजाबात व बंगालमध्ये ती किती लवकर हातात शस्त्र घेते हेही आपण पाहिले. सांगायचे एवढेच, की कोणता शब्द माणूस दाखवतो आणि कोणता त्याला झाकतो, हे ओळखण्याची शक्ती परक्या देशातून आणावी लागत नाही. ती आपल्या भाषेत आहे; वापरली पाहिजे.

म्हणून भस्मासुराची उपमा वापरायचीच तर पुरी वापरावी. भस्मासुर एकदाच जन्मला आणि एकदाच मेला. वर देणारे मात्र दर पिढीत असतात, आणि ते बहुधा सभ्य, सुशिक्षित, थोडेसे कंटाळलेले असतात. त्यांना शिस्त हवी असते, संरक्षण हवे असते, राष्ट्राचा सन्मान हवा असतो. त्यांतले काहीच वाईट नसते. फक्त ‘तथास्तु’ म्हणण्यापूर्वी त्या शब्दांच्या आत कोण आहे, हे त्यांनी पाहिलेले नसते.

गाडी उशिरा आल्याने वैतागलेल्या त्या सद्‌गृहस्थाला मी काही उपदेश करणार नाही. उपदेश ऐकून शब्द बदलत नाहीत. त्याच्या हाती जमल्यास लेव्हीचे पुस्तक ठेवीन, आणि एमिलियाच्या आंघोळीचे पान उघडून देईन. ते वाचून झाल्यावर गाडी आणखी तासभर उशिरा आली तरी त्याला ते नाव उच्चारवणार नाही, असा माझा विश्वास आहे.